भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचाय? आधी घरातली पुढची दहा वर्षं मांडा

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, कुठेही जा, चाळिशीतल्या माणसाकडे पंधरा-वीस लाख साठले की तो हमखास एकच विचारतो, एक फ्लॅट घेऊन टाकू का, भाड्यावर देऊ, भाड्यातून हप्ता जाईल आणि वीस वर्षांनी घर आपलं. मी रत्नागिरीत लोकांचे रिटर्न भरतो, कर्जाच्या फायली करून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर सारखा येतो, आणि मी दरवेळी उलट विचारतो की मुलगी कितवीत आहे, आईबाबा गावात कोणाबरोबर असतात, भावाबरोबर घराची वाटणी झालीय का. समोरच्याला वाटतं हा विषय बदलतोय. विषय तोच आहे, फक्त लोक तो फ्लॅटच्या ब्रोशरपासून सुरू करतात आणि मी दुसऱ्या टोकापासून.

पण आधी आकडे बघून घेऊ, कारण 'भाड्यातून हप्ता जाईल' हे कोकणातल्या शहरांत जवळजवळ कधीच खरं नसतं.

समजा रत्नागिरीत ४० लाखांचा टू बीएचके आहे. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार, पंखे-ग्रील-रंग-कडीकोयंडे मिळून ८० हजार, म्हणजे साडेत्रेचाळीस लाख झाले. यातले २५ लाख कर्ज, साडेअठरा लाख पदरचे. साडेआठ टक्क्याने २० वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता बसतो साधारण २१ हजार ७००. आणि भाडं? चांगलं धरू, १० हजार. वर्षात एक महिना तरी घर रिकामं राहतं, एक भाडेकरू जातो, दुसरा येईपर्यंत साफसफाई, रंग, त्यामुळे हातात १ लाख १० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ४ हजार, दुरुस्ती १० हजार. दुरुस्तीला १० हजार जास्त वाटत असतील तर किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कोणालाही विचारा, खाऱ्या हवेत एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीचं ग्रील, गिझर, नळ, सगळं घाटावरच्या निम्म्या वयात जातं, आणि चार महिने पाऊस झोडपल्यावर पश्चिमेची भिंत ओल धरतेच. तर शिल्लक राहिले ७८ हजार, महिन्याला साडेसहा हजार. हप्ता २१ हजार ७००. उरलेले १५ हजार २०० दर महिन्याला पगारातून जाणार.

साडेत्रेचाळीस लाखांवर ७८ हजार म्हणजे पावणेदोन टक्क्याच्या आसपास. यालाच भाड्याचा परतावा म्हणतात आणि घरांच्या बाबतीत तो आपल्याकडे एकूणच कमी असतो, मुंबई-पुण्यातही फार नसतो. म्हणजे भाड्यासाठी म्हणून घर घेणं हा मुळात भाव वाढेल या आशेवरचा व्यवहार आहे, भाडं फक्त वाट बघायचा खर्च थोडा हलका करतं.

मग लोक म्हणतात, अहो पण भाव वाढणारच ना. बघू वाढवून. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी फ्लॅट ६५ लाखांचा. छान. पण दहा वर्षं हप्ते भरून, म्हणजे २६ लाख भरून झाल्यावर कर्ज किती उरलंय? साडेसतरा लाख. पहिल्या काही वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, पहिल्याच वर्षी भरलेल्या २ लाख ६० हजारांतले २ लाख १० हजार व्याज असतं. ६५ लाखांतून साडेसतरा वजा करा, तुमचे राहिले साडेसत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख. आता हेच साडेअठरा लाख साध्या साडेसहा टक्क्याच्या एफडीत आणि ते महिन्याचे १५ हजार २०० आरडीत टाकले असते तर दहा वर्षांनी टॅक्सच्या आधी ६० लाखांच्या आसपास झाले असते. एफडीच्या व्याजावर टॅक्स आहे तसा फ्लॅट विकल्यावर नफ्यावरही आहे, आता घेतलेल्या घराला दोन वर्षांनंतर साडेबारा टक्के. भाडं दरवर्षी थोडं वाढेल ते मी धरलेलं नाही, पण त्याने फार तर दोन-अडीच लाखांचा फरक पडतो. हिशोब बरोबरीत यायला भाव दरवर्षी ७ टक्क्याच्या आसपास वाढावा लागतो, सलग दहा वर्षं, आणि त्या भावाला गिऱ्हाईक मिळावं लागतं. मिळेल का? मुंबईत सोसायटीच्या गेटवर एजंट उभे असतात, आपल्याकडे जुना फ्लॅट विकायला दोन-दोन वर्षं गेलेली मी बघितली आहेत.

टॅक्सचं थोडक्यात. भाड्यातून घरपट्टी वजा, मग उरलेल्याच्या ३० टक्के रक्कम दुरुस्तीच्या नावाने सरकार आपणहून वजा करू देतं, बिलं लागत नाहीत, मग कर्जाचं व्याज. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी सव्वा लाखाच्या वर तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत हा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या करपद्धतीत पगारातून होत नाही. 'हाऊसिंग लोनने टॅक्स वाचतो' असं जो सांगतो त्याला आधी विचारा कुठल्या पद्धतीत, कारण आता बहुतेक जण नव्या पद्धतीत आहेत आणि सल्ला मात्र जुन्याच पद्धतीचा फिरतोय. आणखी एक गोष्ट, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, चांगली आहे, घ्या, पण पैसे सगळे नवऱ्याचे असतील तर भाड्याचं उत्पन्न टॅक्सला नवऱ्याच्याच खात्यात धरतात.

आता घोडं कुठे पेंड खातं ते. घर ही एकदम विकायची वस्तू आहे, अर्धी विकता येत नाही. एफडी मोडली तर दुपारपर्यंत पैसे खात्यात येतात आणि हवे तेवढेच मोडता येतात. वडिलांना कोल्हापूरला नाहीतर मुंबईला हलवायचं झालं, बायपासचे पैसे आठवड्यात उभे करायचे झाले, तर फ्लॅटची गॅलरी विकून ते भरता येत नाहीत. म्हणून कागद घ्या आणि पुढची दहा वर्षं एकाखाली एक लिहा, प्रत्येक वर्षासमोर घरातल्या प्रत्येकाचं वय. मुलगी बारावीला कधी, म्हणजे पुण्या-मुंबईचं हॉस्टेल आणि फी कधी सुरू होणार. बाबा पंच्याहत्तरीला कधी. धाकट्या बहिणीचं लग्न. दुसरं मूल हवंय का, हवं असेल तर एक वर्ष एका पगारावर चालवता येईल का. गावच्या घराचं छप्पर कधी काढावं लागणार, कारण कौलं-वासे बदलायला काढले की दोन लाखांचे पाच लाख कधी होतात कळत नाही, आणि माकडांचा त्रास असलेल्या गावात तर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी काढावंच लागतं. या यादीत ज्या वर्षांत दोन खर्च एकावर एक येतात त्या वर्षांत तुम्हाला महिन्याचे १५ हजार फ्लॅटला देता येणार आहेत का, एवढाच प्रश्न आहे. बहुतेक घरांत पाचव्या ते आठव्या वर्षांत गर्दी होते, आणि मगाशी बघितलं तसं नेमकं तेव्हा कर्ज अजून वीस लाखांच्या आसपास असतं.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. बँक कर्ज देताना सगळे चालू हप्ते मिळून पगाराच्या किती टक्के होतात ते बघते, चाळीस-पन्नास टक्क्याच्या वर गेलं की हात आखडता घेते. आज स्वतः भाड्याने राहून गुंतवणुकीचा फ्लॅट घेतलात आणि तीन वर्षांनी बदली होऊन किंवा मुलांच्या शाळेसाठी राहायचं घर घ्यायचं ठरलं, तर तेव्हा कर्ज कमी मिळणार. राहायचं घर आधी की भाड्याचं आधी, हे नवराबायकोने एकदा स्पष्ट बोलून घ्यायला हवं, आणि माझा अनुभव असा की यावर दोघांची मतं वेगळी असतात आणि दोघांनाही ते माहीत नसतं, ते माझ्यासमोर बसल्यावर कळतं. मग मी चहा मागवतो.

आता कोकणातला खास प्रकार, गावचं घर. मुंबईत नोकरी, गावात वडिलोपार्जित चिऱ्याचं घर, पडवी, माजघर, मागे माड-पोफळी, आणि कोणीतरी म्हणतं, "घर बंद ठेवन काय करतलंस, होमस्टे कर." सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते, गोव्यात मोप्याला विमानतळ झाला, पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, लोक येतात हे खरंच आहे. तर मग?

पहिलं म्हणजे होमस्टे ही भाड्याची मालमत्ता नाही, तो धंदा आहे, आणि धंद्याला माणूस लागतो. न्याहारी कोण करणार? सकाळी सातला घावने-चटणी, रात्री मासे, चादरी धुणं, संडासबाथरूम, गेस्ट रात्री अकराला आला तर दार उघडणं. हिशोबाच्या वहीत या सगळ्यापुढे शून्य लिहिलेलं असतं कारण ते काम वहिनी करणार असते किंवा आई. माझं स्पष्ट मत आहे, बाहेरची बाई ठेवली तर तिला जेवढा पगार द्यावा लागेल तेवढा खर्चात धरा, वहिनीच करत असेल तरी धरा, आणि तिच्या खात्यात टाका. मग जे उरेल तो नफा. बऱ्याच ठिकाणी उरत नाही.

दुसरं, सीझन. दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष, आणि मे महिना, खरी कमाई यात. जूनपासून चार महिने शुकशुकाट. पण मे महिन्यात चाकरमानीही येतात, आंबे काढायचे असतात, मुलांना सुट्टी असते, काका-आत्या-चुलत सगळे येतात आणि ते आपल्याच घरात उतरणार. शिमग्याला पालखी घरी येते, गणपतीत तर घर भाड्याने द्यायचा विचारही कोणी करत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार असतं त्याच आठवड्यात काकी फोन करते की आम्ही बारा जण येतोय. यावर भांडणं होतात, खूप होतात, आणि ती पैशाची दिसत असली तरी असतात हक्काची. त्यात मे महिन्यात बऱ्याच वाड्यांत विहिरी आटतात, गेस्टना शॉवर हवा असतो आणि टँकरचे पैसे वेगळे.

तिसरं, कागद. घर कोणाच्या नावावर आहे ते बघा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली सहा वारलेली, तीन जणांचा पत्ता नाही, हे आपल्याकडे अपवाद नाही, नियम आहे. अशा सामाईक घरात तुम्ही आठ लाख घालून दोन खोल्या, बाथरूम बांधलंत तर ते आठ लाख तुमचे, पण घर सगळ्यांचं. बँक सामाईक जागेवर सहसा कर्ज देत नाही. आणि आत्या-बहिणींना विसरू नका, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. 'तिचं लग्नात दिलं' हे कायद्यात उत्तर नाही. वाटणी करा नाहीतर हक्कसोडपत्र राजीखुशीने नोंदवून घ्या, आणि जी सही देते तिला त्याचं काय देणार हेही बोला. किनाऱ्याला अगदी लागून नवीन काही बांधायचं मनात असेल तर आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, बघा, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कमी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, जागा दाखवणारा एजंट समुद्र दाखवतो, ही रेषा दाखवत नाही.

आणि वादळं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, कलमं, छपरं गेली, पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेलं. घराचा विमा काढलेला माणूस तेव्हा शोधूनही सापडत नव्हता. भाड्यासाठी घर ठेवताय तर विम्याचा हप्ता खर्चात पहिल्या ओळीत लिहा.

भाडेकरूबद्दल एक भीती इथे घराघरात आहे, 'कूळ लागेल'. त्या भीतीने लोक बंद घर सडवतात पण भाड्याने देत नाहीत. कूळकायदा शेतजमिनीचा आहे, १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक झाली त्या दिवसाच्या, आठवणी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या असतात म्हणून ती धास्ती घरालाही चिकटली. राहायचं घर लिव्ह अँड लायसन्सवर दिलं तर तो करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली येतो, आणि त्यात मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दुप्पट भाड्याची भरपाईही लागते. पण करार नोंदवलेला हवा. '११ महिन्यांचा असला की नोंदवायला नको' हे महाराष्ट्रात चुकीचं आहे, कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदवलेला, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. खर्च फार नाही, एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १० हजार भाड्याच्या ११ महिन्यांना तीनेकशे रुपये, वर नगरपालिका हद्दीत १ हजार नोंदणी फी, आणि सगळं ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी लोक पाचशेच्या स्टँपवर सही घेऊन मोकळे होतात, काय बोलणार.

मालक दुबईला किंवा मस्कतला असेल तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी, देशात राहणाऱ्या मालकासारखी महिन्याला ५० हजारांची मर्यादा तिथे नाही. आखातातली माणसं हे भाडेकरूला सांगतच नाहीत आणि दोघं अडकतात.

भाडेकरू कोण मिळणार तेही बघा. बँकवाले, शिक्षक, कोर्टातले, मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, हे बदलत राहतात पण एक गेला की दुसरा येतो. एखाद्या प्रकल्पाच्या दारात घेतलेला फ्लॅट मात्र पूर्ण त्या प्रकल्पाच्या भरवशावर, काम चालू असताना कंत्राटदार मागेल ते भाडं देतात, प्रकल्प थांबला की सगळे भाडेकरू एकाच महिन्यात जातात. गुहागरवाल्यांना २००१ साली दाभोळचं वीजकेंद्र बंद पडलं ते सांगायला नको.

मग घ्यायचाच नाही का? घ्या, पण त्या घराचा दुसरा उपयोग घरातल्यांना आधीच माहीत असेल तेव्हा. मला पटणारा प्रकार असा, आईबाबा सत्तरीला आलेत, गावचं घर उतारावर, पाणंद चढून जायचं, रात्री छातीत दुखलं तर रिक्षा दारात येत नाही. आज ते गाव सोडायला तयार नाहीत आणि सोडायलाही सांगू नये. पण सहा-सात वर्षांनी त्यांना सिव्हिल हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागणार हे सगळ्यांना कळतंय. तोवर भाड्याने द्यायचा, मग त्यांना आणायचं. इथे परतावा पावणेदोन टक्के आहे याने फार बिघडत नाही, कारण तुम्ही गुंतवणूक करत नसून पुढची सोय हप्त्याने विकत घेताय आणि मधल्या काळात भाडेकरू थोडा हातभार लावतोय. सोसायटीत भाड्याने दिल्यावर जो ना-वापर आकार लागतो तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि स्वतःचे आईबाबा राहायला आले की तोही लागत नाही.

असा घेताना निवड वेगळी होते. समुद्र दिसतो का याला शून्य मार्क. दवाखाना, औषधाचं दुकान, देऊळ, भाजीबाजार चालत जाण्याइतका, बाथरूममध्ये बसायला स्टूल मावेल एवढी जागा, दारं व्हीलचेअर जाईल इतकी रुंद. तळमजला बरा वाटतो, पण चिपळूणसारख्या ठिकाणी २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारून मग ठरवा, नाहीतर पहिला मजला आणि लिफ्ट, आणि लाईट गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का ते बघा, पावसाळ्यात लाईट जातेच. भाडेकरूशी करार ११ महिन्यांचाच ठेवा, दोन महिन्यांच्या नोटिशीचं कलम त्यात लिहून घ्या, आणि त्याला घर देतानाच सांगून ठेवा की हे घर आईबाबांसाठी आहे, कधी लागेल सांगता येत नाही.